लेकीचा इसार

लताबाईला बसलेलं फार थोड्या लोकांनी पाहिलंय. भडगावात तिच्या गल्लीत शिरलात, तर ती एकतर गच्चीवर चढताना दिसेल, नाहीतर उतरताना. जेवायलासुद्धा उकिडवी बसते, म्हणजे उठायला सोपं. "हिना पायले भिंगरी शे," असं सासू धुरपदाबाई तिच्या लग्नापासून म्हणत आली. आता सासूचे गुडघे गेले, ती खाटेवरून हलत नाही, आणि दोघींच्या वाटचं फिरणं लताबाई एकटी करते.

धंदा सासूकडूनच आला. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, शिवाय कुरडया, शेवया. खानदेशात लेकीचं लग्न म्हटलं की रुखवतात बिबडे हवेतच, आणि ते करणं म्हणजे खेळ नव्हे. ज्वारी दिवसचे दिवस भिजवायची, कांडायची, लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा, आणि तो चटके देत असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा. गार झाला की ऐकत नाही. पूर्वी घरोघरी बायका करायच्या. आता घरोघरी बायका फोन करतात. महाशिवरात्रीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, लताबाईच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. आखाजीनंतर मात्र दहा महिने धंदा झोपतो, आणि लताबाईची झोप उडते, कारण बचत गटाच्या कर्जाचा हप्ता काही झोपत नाही. तो दर मंगळवारी उठतो. गटात एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांना वाटून भरावा लागतो. मग त्या तुमच्याशी बोलत नाहीत, तुमच्याबद्दल बोलतात.

पैशांची व्यवस्था डब्यांची. बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे फळीवर ओळीने. पहिला धान्याचा, म्हणजे ज्वारी, गहू, तेल, सरपण. दुसरा घरचा, त्यातच हप्ता. तिसऱ्याच्या झाकणावर हळदीकुंकू. तो इसाराचा. ऑर्डर पक्की करताना मुलीची आई जे आगाऊ पैसे देते, ते त्यात जायचे आणि माल पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हा धुरपदाबाईचा कायदा. "तो पैसा लेकीना शे. माल तिना घर पोचाडा बिगर तो तुना नही."

आता हिशोब करणाऱ्याला यातली गंमत लगेच दिसेल. ज्वारी आणायला पैसे नाहीत म्हणून लताबाई गटाचं कर्ज काढायची, त्यावर वर्षभर व्याज भरायची, आणि ज्या पैशांनी ज्वारी आली असती ते डोक्यावरच्या फळीवर हळदीकुंकू लावून ठेवलेले. धान्याचे व्यापारी सुरेशचंद यांनी हे एकदा ऐकलं आणि चष्मा काढून पुसला.

"लताबाई, घरात हंडे भरून ठेवायचे आणि शेजारून पाणी विकत आणायचं, असा हिशोब मी पहिल्यांदाच पाहतोय. लोक इसार कशासाठी देतात? माल भरायलाच ना?"

"सासूबाईंचा नियम आहे, शेठजी."

"नियम त्यांचा, व्याज तुमचं. रोख आणा, पोत्यामागे भाव कमी करतो."

हे वाक्य लताबाईच्या डोक्यात गोमाशीसारखं घोंघावत राहिलं. थापताना घोंघावे, वाळवताना घोंघावे. शेठजी खरं बोलत होते, त्याचाच तिला राग आला. दोन दिवस ती तिसऱ्या डब्याकडे न बघता स्वयंपाकघरात वावरली. तिसऱ्या दिवशी सासू डुलकी घेत असताना तिने डबा उतरवला. आत पाचोऱ्याच्या ज्योत्स्नाबाईंनी दिलेला इसार होता, पाच हजार. मुलगी भूमिका, लग्न आखाजीनंतर, ऑर्डर मोठी. नवरा योगराज कापसाच्या जिनिंगमधून जेवायला आलेला. त्याने तिच्या हातातला डबा पाहिला आणि समजूतदारपणे भाकरीकडे नजर वळवली.

ज्वारी आली. रोखीचा भाव मिळाला, हेही खरं. लताबाईने अर्धी भिजत घातली आणि मग एकदाही नीट बसली नाही. चोरी केलेली नाही, हे तिला कळत होतं. पण डब्यात हात घातल्यावर तळ लागला होता, तो तळ तिच्या हाताला लागून राहिला.

होळीच्या आधीचा आठवडे बाजार होता. बांगडीवाल्या भिकुबाईकडे सगळ्या तालुक्याच्या बातम्या असतात, आणि त्या ती बांगड्यांवर फुकट देते.

"पाचोरानी ती ज्योत्स्ना नही का, तिनी पोरनं लगीन मोडनं," लताबाईच्या मनगटावर बांगडी चढवता चढवता ती म्हणाली. "पोरावाला आखो गाडी मांगी राह्यन्हात. बापनी नही म्हनं."

बांगडी तडकली. भिकुबाईने ती बदलून दिली, पैसे मात्र दोन्हींचे घेतले.

लताबाई घरी कशी पोचली ते तिचं तिला ठाऊक. लग्न मोडलं म्हणजे रुखवत नाही, रुखवत नाही म्हणजे ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नाही म्हणजे इसार परत. तोही त्यांनी मागायच्या आत. मागायला आले तर मग उरलं काय? पाचोऱ्यापासून भडगावपर्यंत लोक तिला लेकींच्या लग्नाचे पैसे देतात ते तिच्या बिबड्यांच्या चवीवर नव्हे. चव दुसरीकडेही मिळते. देतात ते या भरवशावर की लताबाईकडे पैसा तसाच्या तसा असतो. आणि तो या घटकेला गच्चीवरच्या मोठ्या पिंपात पाण्यात बुडून फुगत होता.

"येतीन तधळ दखू," योगराज म्हणाला. "तेस्नं डोकं ठिकाणावर नही आते. पाच हजारनी याद कोनले शे?"

"माले शे," ती म्हणाली आणि पुन्हा उठली.

न भिजवलेली ज्वारी घेऊन ती सुरेशचंदांकडे गेली. शेठजींनी मूठभर हातात घेतली, पाहिली, पोत्यात परत टाकली.

"घेतो परत. पण जाताना भाव मोटरसायकलवरून जातो लताबाई, परत येताना पायी येतो."

पायीच आला, आणि लंगडत. तुमच्याच सल्ल्याने हे झालं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सल्ला फुकट होता, आणि फुकटच्या मालाची तक्रार करता येत नाही.

उरलेली भिजलेली ज्वारी तिने कांडली आणि दिवसरात्र एक करून थापली. धुरपदाबाई खाटेवरून बघत होती. एवढी घाई कशाची, ते तिने विचारलं नाही. फळीवरचा डबा हलकेपणाने वाकडा बसलाय, हे तिला दिसलं असावं. बिबडे पुरते कडकडीत वाळतात न वाळतात तोच लताबाई ते घेऊन पाचोऱ्याच्या बाजारात बसली. बसली म्हणजे उभी राहिली. अजून हंगाम कुठे आलाय म्हणून बायका भाव पाडून मागत होत्या, आणि आयुष्यात प्रथमच ती पाडलेल्या भावाला हो म्हणत होती. कमी पडले ते दुसऱ्या डब्यातून काढले. मंगळवारचं मंगळवारी.

पाच हजार जुळले. नोटा पदरात बांधून ती तशीच बाजारातून ज्योत्स्नाबाईंच्या दारात गेली.

ज्योत्स्नाबाई ओट्यावर उभ्याच होत्या. डोळे सुजलेले, पण साडी कडक इस्त्रीची. लताबाईने गाठ सोडली.

"तुमचा इसार, ताई. जसाच्या तसा." हे म्हणताना तिची जीभ चाचरली. पैसा तेवढाच होता, पण जसाच्या तसा नव्हता.

ज्योत्स्नाबाईंनी नोटांकडे पाहिलं आणि एक पायरी मागे सरकल्या.

"मोडलेल्या लग्नाचा पैसा मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही, लताबाई. मला धाकटी आहे अजून."

"पण ऑर्डर तर..."

"ठेवा तुमच्याकडे. देवाला द्या, गाईला घाला. आणि असं भर दुपारी दारात येऊन मोजू नका. गल्ली आधीच कान देऊन बसलीय."

दार लागलं. आतल्या खिडकीत एक मुलगी उभी होती, ती मात्र हलली नाही.

भडगावच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरी लताबाई दाराजवळ दांडा धरून उभी राहिली. देणं चुकतं झालं नाही आणि उरलंही नाही, अशी अवस्था तिने कधी अनुभवली नव्हती. एवढा तोटा सोसून जमवलेला पैसा कोणाचाच नव्हता. घरी आल्यावर फळीसमोर उभी राहून तिने तिन्ही डबे उघडून पाहिले. धान्याच्या डब्यात टाकावे, तर ते तिचे नाहीत. घरच्यात टाकावे, तर पाप. इसाराच्या डब्यात टाकावे, तर ज्याचा इसार ते लग्नच नाही. शेवटी तिने सासूला सगळं सांगितलं, डबा उघडल्यापासूनचं.

धुरपदाबाईने ऐकलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडली नाही.

"असी वेळ मी कधी दखी नही, माय," ती म्हणाली. "आमना टाइमले लगीन मोडेतच नहीत. मोडाले पाहिजेत व्हतात काही."

म्हणजे कायद्यात याचं उत्तर नव्हतं. लताबाईने पैसे उशाखाली ठेवले आणि कूस बदलत राहिली. पुढचा मंगळवार आला, हप्त्याची वेळ आली, घरचा डबा रिकामा. उशाखाली पाच हजार असताना ती शेजारणीकडून उसने आणून हप्ता भरून आली. स्वतःचाच राग येऊन तिने त्या दिवशी सगळी गच्ची पुन्हा धुऊन काढली.

धुळवड झाली, आणि एका सकाळी भूमिका आली. एकटी, पाचोऱ्याच्या बसने, पाठीला कॉलेजची बॅग. लताबाई गच्चीवर एका शेजारणीच्या ज्वारीचे बिबडे थापत होती. वरून मुलगी ओळखू आली तशी ती दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली, उशाखालून नोटा काढल्या आणि दारातच तिच्यापुढे धरल्या.

"ले माय. तुना शेतस. तुनी मायनी लिधात नहीत."

मुलीने हात मागेच ठेवले. "मी त्यासाठी नाही आले, अक्का. वर येऊ का?"

वर आली. काही न विचारता ओढणी कमरेला खोचली, पाण्यात हात बुडवला आणि घाट्याचा गोळा उचलला. चटका बसला तसा टाकला, पुन्हा उचलला. पहिला बिबडा गाईच्या कानासारखा लांबडा झाला, दुसऱ्याला मधोमध भोक.

"तुले हाई काब्र करनं शे?" लताबाईने विचारलं.

"घरात बसवत नाही." ती फडक्याकडे बघत बोलत होती. "सकाळपासून बाया भेटायला येतात. कोणी मेल्यासारख्या. चहा पितात, माझ्याकडे बघतात, जातात. आई म्हणते, आत बस. किती आत बसायचं?"

लताबाईला तिचं म्हणणं लगेच कळलं. न बसवणं म्हणजे काय, ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोरीचे हात लाल झाले होते, तरी थांबत नव्हते. लताबाईला तिच्याबद्दल एकदम माया दाटून आली आणि ती लपवायला तिने घाट्यात जोरात उलथनं फिरवलं.

"अक्का, तुमच्या डब्याबद्दल आईने सांगितलं होतं. इसार देताना. तिसऱ्या डब्यातला पैसा मुलीचा असतो म्हणे."

"शे."

"लग्नाचा नाही, मुलीचा. मग मुलगी आहे की अजून. मोडलं ते लग्न."

लताबाईचं उलथनं थांबलं.

"ते पाच हजार माझं भांडवल धरा," भूमिका म्हणाली. "ज्वारी आणा. आखाजीपर्यंत मी रोज येते, थापते, बाजारात बसते. सुटेल त्यातलं अर्धं माझं."

आता कोणी म्हणेल, लताबाईने तिला कवटाळलं असेल. तसं काही नाही. धंद्यातली बाई ती. तिने त्या भोकाच्या बिबड्याकडे पाहिलं.

"अर्धं नही," ती म्हणाली. "असा बिबडावर अर्धं कोन दिई तुले? तिसरा वाटा. थापता उना, मग दखू."

"हिशोब मी ठेवला तर? गटाचं व्याज किती जातं ते बघून सांगेन. डबे राहू द्या."

"तरी तिसराच."

"बरं, तिसरा."

दुपारी सुरेशचंदांकडून तीच ज्वारी परत आली, अर्थात मोटरसायकलवरच्या भावाने. शेठजींनी पोतं ओळखलं आणि हसू दाबलं. लताबाईने रोख मोजून दिले. यावेळी डब्याचा तळ तिच्या हाताला लागला नाही, कारण जिचा पैसा ती शेजारी उभी राहून नोटा मोजत होती.

चैत्रभर भूमिका रोजच्या बसने येत राहिली. ज्योत्स्नाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, मग जेवल्या. बिबडे हळूहळू गोल झाले. पाचोऱ्याच्या बाजारात, तिच्याच गल्लीतल्या बाया येतात त्या बाजारात, भूमिका पाटी मांडून बसली, तेव्हा पहिल्या दिवशी तिचा आवाज फुटत नव्हता. लताबाई शेजारी उभी राहून दोघींच्या वाटचं ओरडली.

आखाजीच्या आधीचा शेवटचा बाजार. उन्हात गर्दी मातलेली. एक बाई बिबडे चाचपत लताबाईला म्हणाली, "हाई कोन? सून का तुनी?" आणि मग पोरीकडे जरा वाकून, ओळख पटल्यासारखा आवाज खाली घेऊन, "का ज्योत्स्नानी ती? लगीन मोडेल?"

भूमिकाचा हात तराजूवर थांबला. तिने मान वर केली नाही.

लताबाईने त्या बाईच्या हातातला बिबडा काढून घेतला आणि पाटीत परत ठेवला.

"मनी भागीदार शे," ती म्हणाली. "भाव तिले इचार."

बाईने भाव विचारला. भूमिकाने सांगितला, आणि एक रुपयाही कमी केला नाही. लताबाईने बाजूची रिकामी पाटी उलटी घातली आणि तिच्यावर बसली.