फाटकासमोरची रांगोळी

आमचा सुंदर, म्हणजे माझा धाकटा भाऊ सुंदरराव, कुणावर विश्वास ठेवील तर शपथ! कुंभकोणमच्या बाजारात त्याचं समयांचं दुकान आहे. जवळच्या नाचियारकोविल गावचे कारागीर घडवतात, हा विकतो. कारागीर वर्षानुवर्षांच्या ओळखीचे, तरी प्रत्येक समई बोटानं ठोकून, कान लावून आवाज ऐकणार, मगच ठेवून घेणार. दूधवाल्याचं दूध रोज बोटावर घेऊन बघणार. मी त्याची सख्खी थोरली बहीण, अगदी समोरच्या घरात राहते, पण माझ्याकडून डबा गेला तरी झाकण उघडून आधी वास घेतो मेला.

असल्या माणसाची मुलगी अठराची झाली की काय होणार, सांगा!

लावण्या बारावीला. हुशार आहे, तोंडाळही आहे. तिला कोइंबतूरला डिझाइन शिकायला जायचंय, हॉस्टेलात राहून. निवडही झालीय. पण सुंदरनं अटी घातल्या. परीक्षा होईपर्यंत मोबाइल संध्याकाळी तासभर, बाकी वेळ तो दुकानात त्याच्या ताब्यात. नवं लायसन्स मिळालं तरी स्कूटर फक्त ट्यूशनला. "एकदा जरी खोटं सापडलं, तर कोइंबतूर विसरायचं. इथल्याच कॉलेजात जायचं, तेही बसनं." पोरगी पडल्या तोंडानं हो म्हणाली.

अभ्यासाची रजा लागली, ट्यूशनही संपली, पोरगी दिवसभर घरात. तर सुंदरनं काय करावं? स्कूटरची किल्ली मुद्दाम खिळ्यावर टांगून ठेवली, सहज हाताला येईल अशी. आणि बायकोला, त्रिपुरसुंदरीला, सांगितलं, "उद्यापासून रांगोळी फाटकाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काढ. गाडी बाहेर पडली तर चाकाखाली मोडलीच पाहिजे." मला सांगताना काय खुशीत होता! म्हणाला, "अक्का, कॅमेरा लावायची गरजच नाही."

त्रिपुरा त्यावर काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून बाजार, देऊळ, माहेर, सगळीकडे सुंदरच्या मागं बसून गेली. रोज पहाटे तिनं सडा घालून ठिपके मांडले आणि ऐसपैस रांगोळी काढली. सुंदर दुपारी दुकानातून पायी जेवायला आला की आधी खाली बघायचा. रांगोळी शाबूत.

त्याला बरं वाटायचं. मला नाही. आमच्याकडची रांगोळी तांदळाच्या पिठाची. उन्हं चढली की मुंग्या लागतात, चिमण्या टिपतात, दुपारपर्यंत अर्धी गायब. माझ्या दारातली रोज तशीच होते. आणि ह्यांच्या फाटकातली भर दुपारी पांढरीशुभ्र? मुंग्यांना काय ह्याच घरचं पीठ कडू लागतं? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सकाळची मागं स्वयंपाकात असते, तेवढी वेळ कुणीतरी साधत होतं. दोन-तीन दिवस पाहिलं, मग राहवेना. सुंदर जेवायला आला तसं त्याला फाटकातच गाठलं.

"डोळे उघडून बघ जरा. ही सकाळची रांगोळी नव्हे. कुणीतरी मोडून पुन्हा काढलीय."

सुंदर खाली वाकला. पीठ बोटावर घेतलं. मग आत जाऊन स्कूटरचं चाक चाचपलं. चाकाच्या खाचांत पांढरं पीठ!

"लावण्या!" अशी हाक मारली की शेजारचा स्वामीनाथ खिडकीत आला.

लावण्या पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली.

"गाडी नेली होतीस?"

तिनं एकदा आईकडं बघितलं. त्रिपुरा दारात उभी होती. मग म्हणाली, "मी नाही नेली, अप्पा."

"मग कुणी नेली? कोण आहे तो?"

एरवी एकाला चार ऐकवणारी पोरगी ओठ घट्ट मिटून उभी. मला वाटलं, झालं, नक्कीच काहीतरी भानगड आहे.

"कोइंबतूर बंद," सुंदर म्हणाला. खिळ्यावरची किल्ली काढून त्यानं खिशात टाकली. "गाडीही बंद. रांगोळ्या पुन्हा काढून बापाला फसवतेस काय!"

तेव्हा त्रिपुरा आत गेली, पिठाचा डबा घेऊन आली आणि तो लेकीच्या हातात दिला. "काढ," म्हणाली. "अप्पांना काढून दाखव."

लावण्या फाटकात बसली. ठिपके वाकडे, रेघ जाड, पीठ चिमटीतून भसाभस सांडलेलं. पोरीला रांगोळी येतच नव्हती. जन्मात कधी काढली नव्हती. हे मला ठाऊक होतं, तिच्या बापालाही ठाऊक असायला हवं होतं.

त्रिपुरानं चिमटीत पीठ घेतलं आणि वाकून तीच रेघ फिरवून पुरी केली, एकदाही हात न उचलता.

"इतक्या वर्षांत माझा हात ओळखता आला नाही होय तुम्हांला?"

सुंदरला उमजायला वेळ लागला. "तू? तुला गाडी येते?"

"पोरीनं शिकवली. तिच्या टेस्टला सोबत म्हणून मला धाडलंत ना? मीही त्याच मैदानात आठचा आकडा काढला. पाय न टेकता. लायसन्स आहे माझ्याकडं."

"आणि जातेस कुठं?"

मी कान टवकारले, खोटं कशाला बोलू!

"कुठंच नाही. नाचियारकोविलच्या रस्त्यानं भातशेतं लागेपर्यंत. तिथं थोडं थांबते आणि परत येते."

"कुणाला भेटायला?"

"कुणालाच नाही." तिचा आवाज चढला. तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "पोरीनं मला पाठीशी घातलं, एवढंच. नियम मी मोडला. तिचं कोइंबतूर काढून घेऊ नका. माझं काय काढून घ्यायचं ते सांगा."

सुंदरनं खिशातली किल्ली चाचपली. बायकोकडून काय काढून घ्यावं, ते त्याला आठवेना. काही दिलं असेल तर आठवणार ना! शेवटी किल्ली खिळ्यावर परत गेली आणि तो जेवायला बसला. मुंग्यांच्या बाबतीत मी चुकले नव्हते हं. माणूस तेवढं चुकीचं धरलं.

दुसऱ्या दिवशी त्रिपुरानं रांगोळी काढली, फाटकाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. उन्हं चढली तशी स्कूटर त्या रांगोळीवरून गेली. परत आल्यावर त्रिपुरानं पिठाचा डबा बाहेर आणलाच नाही. दुपारी सुंदर आला, फाटकात थांबला. चाकाची रेघ बघितली. सवयीनं वाकून बोटही लावलं. मग पाय उचलून ती रेघ जपून ओलांडली आणि आत जात लावण्याला विचारलं, "हॉस्टेलात गादी देतात, का आपली न्यायची?"