अचोलच्या दारातली बैठक

हर्णेच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव रंगात आला होता, तेवढ्यात हेदवीहून मावशीचा फोन आला. "कुंदा गेली गो," एवढंच ती म्हणाली. चहा घ्यायला म्हणून कुंदाताई खुर्चीत बसली, ती उठलीच नाही... भोवती माशांच्या बोली चालू होत्या आणि मला एकही शब्द कळेना.

कुंदाताई माझी थोरली मावसबहीण. गुरांची डॉक्टर. सगळी नोकरी तिनं दापोली-गुहागरकडच्या वाड्यांतून गोठे पालथे घालण्यात काढली. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "सवड कुठे मिळाली?" निवृत्तीनंतर तरी ती घरी थांबेल असं आम्हाला वाटत होतं, तर बाईनं एका मदतसंस्थेबरोबर दक्षिण सुदानला जायचं ठरवलं. यादवीत तिथली गावं उजाड झाली होती. पळून गेलेले शेतकरी आणि गुराखी आता हळूहळू परतत होते, पण रिकाम्या हातांनी. मावशी म्हणाली, "अगो, तिकडे बंदुका चालतात!" ताई बॅग भरता भरता म्हणाली, "चालू देत. गुरांना लस लागतेच ना?"

लस टोचून गुरं वाचली, पण त्यांना चरायला जागा नव्हती. नदीकडे जाणारी वाट शेतांमधून जायची आणि शेतकरी आणि गुराखी, दोन्हीकडच्या घरांत युद्धानं माणसं मारलेली. एकदा गुरं उभ्या ज्वारीत शिरली, गोळीबार झाला, एक गुराखी मेला. संस्थेनं सगळ्यांना राजधानीत परत बोलावलं. ताई तिथं वरिष्ठांशी भांडली आणि परवानगी घेऊन पुन्हा गावात गेली. मी फोनवर चिडले. ती शांतपणे म्हणाली, "अर्ध्या गुरांचा दुसरा डोस राहिलाय गो. आत्ता सोडलं तर पहिलाही फुकट."

त्या गावात अचोल नावाची वयस्कर शेतकरीण होती. तिचा मुलगा गुरं पळवणाऱ्यांनी मारला होता. ताई रोज तिच्या दारात जाऊन बसायची. बरोबर दुभाषी असायचा, तरी बोलणं फारसं नसायचंच. एक दिवस ताईनं तिला आपल्याकडची गोष्ट सांगितली : घाटावरून धनगर उतरतात, तेव्हा शेतकरी खतासाठी त्यांच्या मेंढ्या मुद्दाम शेतात बसवून घेतात. अचोल हसली. "हे तू मला शिकवतेस? लढाईआधी आम्हीही हेच करायचो."

"मग आता?"

अचोल म्हणाली, "माझ्या पोराला मारणारे त्या गुराख्यांतच असतील. तरी कापणी झाल्यावर गुरं येऊ देत. बंदुका नदीपलीकडे राहतील. आणि आधी त्यांच्या म्हाताऱ्यांनी माझ्या दारात येऊन बसायचं."

ताईनं निरोप पोचवला. म्हाताऱ्यांनी साफ नकार दिला. ती पुन्हा गेली, पुन्हा नकार. तिसऱ्या खेपेला ते उठले आणि मोकळ्या हातांनी अचोलच्या दारात येऊन बसले. मुलाचं नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यात म्हाताऱ्या गुराख्यानं मान खाली घातली ती उठेपर्यंत वर केली नाही. कापणीनंतर त्यांची गुरं अचोलच्या शेतात चरली. पुढच्या पेरणीला तिची ज्वारी तरारून आली, तशी शेजाऱ्यांनीही शेतं मोकळी केली. सगळं सुरळीत झालं असं नाही. गुरं नंतरही पळवली गेली. "पण आता आधी दारात बैठक बसते," ताई सांगायची, "गोळीची गोष्ट त्यानंतर. बहुतेकदा तिथवर जातच नाही."

ती हेदवीला परतली ती थकून, पण गावातल्या गुरांना डॉक्टर मिळाला.

परवा मी मावशीकडे होते. दुपारी शेजारच्या सुलभावहिनी मागच्या दारी धावत आल्या. "कुंदाताई, गाय विताना अडलीय हो..." आणि बोलता बोलता थबकल्या. तोंडाला पदर लावून तिथंच उभ्या राहिल्या. मावशी मात्र भिंतीला धरून उठली. "रडताय काय? गाय थांबणार आहे का?" मग मला म्हणाली, "गुहागरच्या डॉक्टरला फोन लाव. तो येईपर्यंत वहिनींबरोबर गोठ्यात थांब. गुरांतलं तुला कळत नसलं तरी पाणी तापवता येतं ना?"

मागच्या पडवीत ताईचे गमबूट होते, धुऊन उपडे घातलेले. मला ते मोठेच होतात. मी ते पायांत चढवले आणि वहिनींच्या मागून निघाले.