बाबांचं खरबूज

चाळिशी उलटली तरी घरात तिला धाकटीच म्हणत. बी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पेरून वाट न बघता बी जिवंत आहे की मेलेलं हे ती सांगायची. रात्रभर भिजवलेलं बी सोलायचं, टेट्राझोलियम या रसायनाच्या पाण्यात बुडवायचं आणि अंधारात, उबेला ठेवून द्यायचं. जिवंत अंकुर लाल होतो, मेलेला पांढराफटक राहतो.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं एका खरबुजापायी घालवली होती. दरवर्षी उत्तमातलं उत्तम फळ बियाणाला ठेवून त्यांनी ते असं घडवलं होतं, की घरात कापलं तर शेजारी वास जाई. गुडघे गेल्यावर त्यांनी बियांचा डबा दादाच्या हवाली केला. प्रयोगशाळेच्या थंड कपाटात ठेवायला धाकटीने मूठभर बी मागून पाहिलं. घरचं बी घरातच राहू दे, असं बाबा म्हणाले. तू घरची नाहीस असं काही ते म्हणाले नाहीत, पण तिने ऐकलं ते तेवढंच.

दादाने डबा पत्र्याखालच्या माळ्यावर टाकला आणि विसरून गेला. पुढे कितीतरी वर्षांनी बाबांनी एकदा ते खरबूज खायचा हट्ट धरला, तेव्हा त्याला घाम फुटला. डब्यातलं थोडं बी कागदात बांधून तो गुपचूप तिच्याकडे आला.

एकही बी लाल झालं नाही. द्रावणच बिघडलं असेल म्हणून तिने नवं केलं, शेजारच्या वाटीत बाजारचं बी ठेवलं. बाजारचं रंगलं, घरचं पांढरंच राहिलं. दादा म्हणाला, तूच सांग, तुझं ऐकतील.

बाबांनी ऐकून घेतलं आणि खिडकीकडे तोंड वळवलं.

"सोलायचं, औषधात बुडवायचं, मग ते जगेल कशाला? तूच मारलंस. उरलेलं दादा पेरेल."

ती पुन्हा माहेरी गेली तेव्हा मागच्या वाफ्यात रोपं डुलत होती आणि बाबा येईल त्याला ती दाखवत होते. सवयीने तिने बोटाने माती उकरली. न उगवलेलं एक बी हाताला लागलं. त्यावर निळसर औषधाचा लेप होता, दुकानातल्या बियाण्यावर असतो तसा. मान वर केली तर दादा मागे उभा.

"बाबांना सांगणार आहेस?"

"तू सांग."

"काय सांगू? तुमचं बी मी पत्र्याखाली भाजून काढलं म्हणून? राहिलेले दिवस सुखाने जाऊ देत त्यांचे. तुझं काय जातंय त्यात?"

आपलं काय जातंय हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण बोलून दाखवलं असतं तर ते फार क्षुल्लक वाटलं असतं. तिने ते बी पुन्हा मातीत दाबलं.

फळं पिकली तेव्हा बाबांनी सगळ्यांना बोलावलं, तिच्या नवऱ्यालाही. सुरी हातात धरून ते तिला म्हणाले, "बोल आता. मेलं होतं ना बी?"

दादा ताटल्या मांडत राहिला.

"चूक झाली माझी," ती म्हणाली.

बाबांनी पहिली फोड तोंडात घातली, डोळे मिटले आणि हेच ते, हेच ते म्हणत राहिले. तिने आपली फोड खाल्ली. गोड होती, पण फोडीला वासच नव्हता. दादा मात्र डबा कसा जिवापाड जपला ते तिच्या नवऱ्याला रंगवून सांगत होता. त्याचा सूर इतका सहज होता की त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलंय, हे तिच्या ध्यानात आलं.

निघताना बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मनाला लावून घेऊ नकोस. शिकशील हळूहळू."

ते पुढचा हंगाम बघायला राहिले नाहीत. दादा अजून दरवर्षी ती खरबुजं लावतो आणि बाबांचं बी म्हणून चार जणांना वाटतो. त्या दिवसांत ती माहेरी जात नाही. नवऱ्याने विचारलं तर कामाचा ताण आहे म्हणते.