वसंताने एकच टर्म मागितली होती

वसंताच्या पोटात कधीच दुखलं नव्हतं.

दुखतं, असं मी लिहिलं होतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. हा कागद मी श्रीवर्धनच्या वाचनालयाच्या फळ्यावर डकवतोय. फाडलात तर उद्या दुसरा डकवीन.

मुंबईला आम्ही दोघं इथलेच, एकाच कॉलेजात, हॉस्टेलच्या एकाच रूमवर. इंटरचं वर्ष. वसंताला झोप लागेना. पुस्तक उघडलं की तेच पान तासभर समोर राहायचं. ताट तसंच परत जायचं.

आणि मी? त्याच्याच बहिणीवर, कुसुमवर केलेल्या कविता तिचं नाव न घेता त्याला ऐकवत होतो.

"गाढवा, मला कळत नाही काय ती कोण?" एवढंच म्हणायचा.

एक दिवस म्हणाला, एक टर्म घरी राहतो. वाडीत बायांबरोबर सुपारी सोलत बसलं की बरं वाटतं. माझं इंग्रजी बरं, म्हणून अर्ज मी लिहायचा.

"कारण काय घालू?"

"मन थाऱ्यावर नाही, असं घाल."

मी हसलो. असं कोणी लिहितं का? पोटदुखी लिहिली. सगळे तेच लिहितात.

डॉक्टरने पोट तपासलं. ठणठणीत. रेक्टरने अर्ज फाडला. वसंता कामचुकार ठरला. वर हुकूम, रोज पहाटे गच्चीवर मेणबत्तीच्या ज्योतीकडे बघत बसायचं. मन एकाग्र होतं म्हणे.

झोपेविना लाल झालेले डोळे. महिनाभर बसला बिचारा.

वडिलांना, तात्यांना, त्याने पत्र घातलं. उत्तर आलं, वाडीत कामाला माणसं आहेत, तू शिक.

मग ताप आला. झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं. चौथ्या दिवशी गेला.

त्याची ट्रंक घेऊन मी बोटीने आलो, तो परत गेलोच नाही. तात्यांच्या ओटीवर कुसुम उभी होती.

"दादाला काय होत होतं, ठाऊक होतं ना तुम्हाला?"

ट्रंक तिथेच ठेवून मी निघालो. तेव्हापासून ती माझ्यासमोर येत नाही. बरोबर करते. माझा जीव तुटतो, तो तुटू दे.

आज शाळेत त्याची स्मृतिसभा आहे. देवाची इच्छा, असं म्हणतील सगळे.

तात्या, रागवा, पण ऐका. अर्ज मी लिहिला, फाडला रेक्टरने, आणि पत्राचं उत्तर तुम्ही दिलंत. देवाला मध्ये आणू नका.

सोमवारच्या बोटीने गावातली दोन मुलं कॉलेजला निघालीत. बंदरावर हार घालाल, पहिला नंबर आण म्हणाल. त्याआधी कोणीतरी विचारा, झोप लागते का रे?

नाही म्हणाला, तर बोटीत चढू देऊ नका.

वसंता, चुकलो रे.

तुझ्या मित्राचा रामराम.