कॉलमागचं रडणं

हेडफोन काढला, तरी घर शांतच होतं. चार वाजत आले होते आणि दोन वर्षांची ओवी अजून झोपलेली. हे आता रोजचंच झालं होतं.

तेव्हा मी अड्याळला घरूनच कस्टमर केअरचे कॉल घ्यायची. आमचे कॉल रेकॉर्ड होतात. क्वालिटीवाले ते ऐकून मार्क देतात. एका कॉलमध्ये ओवीचं रडणं आलं, तसा नागपूरहून टीम लीडरचा फोन आला.

"मॅडम, बॅकग्राउंडला पुन्हा मूल ऐकू आलं तर तुम्हाला प्रोसेसवरून काढावं लागेल."

प्रोसेस म्हणजे ज्या कंपनीचे कॉल घेतो, ते काम. ते गेलं की नोकरी गेली.

त्यानंतर माझ्या शिफ्टमध्ये ओवी रडेनाशीच झाली. आधी बरं वाटलं. मग ती उठल्यावरही पेंगू लागली. बाहुली हातात धरून नुसती बसून राहायची.

ओवीला सासूबाई सांभाळायच्या. त्यांना विचारलं, "आई, ही इतकी कशी झोपते?"

"खेळली, दमली, झोपली. तुले काहून संशय येऊन राहिला?"

संशय हा शब्द मी उच्चारलाच नव्हता.

फळीवर सर्दीच्या औषधाची बाटली होती. ओवीची सर्दी केव्हाच गेली होती. मी औषध होतं तिथे लेबलवर पेनाने बारीक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपताच पाहिलं. औषध रेघेच्या खाली गेलेलं. नवरा सकाळीच भंडाऱ्याला कामावर जायचा. घरात आम्ही तिघीच.

बाटली घेतली, ओवीला उचललं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बाटली पाहिली, ओवीचे डोळे तपासले. "यानं गुंगी येते. आजपासून बंद. वेळेवर आणलंत."

घरी येऊन बाटली सासूबाईंसमोर ठेवली.

"किती देत होता?"

"एक झाकन. तू कामाले बसाच्या आंधी."

"पण कायले, आई?"

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तूच तं सांगतलं, पोरगी रडली का नोकरी जाते. मले भेव वाटे. सर्दीचंच औषध होय, नुकसान थोडी होईन, असं वाटलं."

भांडायचं ठरवून आले होते. बाटली उचलून मोरीत रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी टीम लीडरला सांगितलं, "सर, घरात लहान मूल आहे. ते रडणार."

"मग कॉलवर नाही जमणार."

काही आठवडे कामाविना घरी बसले. पुढे त्यांनीच चॅटवर घेतलं. तिथे ग्राहकाला टाइप करून उत्तर द्यायचं असतं, बोलायचं नसतं. ओवी हळूहळू पहिल्यासारखी झाली.

ऑफिसचा धाक घरात सांगताना जपून सांगावा. ऐकणारा त्यावर आपल्या बुद्धीने इलाज करून मोकळा होतो.