आजीच्या वावरातला गाळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी सावद्याला आमच्या वखारीसमोर केळीचा ट्रक भरत होता, तेव्हा धुळ्याहून वहिनीचा फोन आला. "ताई, हे उठतच नाहीयेत हो..." मी ट्रक थांबवला नाही. माल नाशवंत, त्याला आपल्या दुःखाचं काय? उरलेले घड कसे लावायचे ते हमालांना सांगितलं आणि धुळ्याची वाट धरली. वाटेत डोक्यात एवढंच, की दादाचं जपानचं तिकीट काढून झालंय, ते आता रद्द करायला हवं.

दादा माझा थोरला भाऊ, त्या रात्री झोपेतच गेला. धुळ्यात मुलांना मातीचं शास्त्र शिकवायचा. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला, त्यानंतर काही वर्षांनी तिथल्या एका अभ्यासगटाने त्याला बोलावलं. मग दरवर्षी पावसाळा सरला की तो तिकडे. एकच खोरं, त्याच जागा. "दरवर्षी तेच ते काय मोजतोस रे?" मी विचारायचे. "तेच कुठे असतं? भट्टीतून उडालेलं किरणोत्सारी सीझियम तीस वर्षांत निम्मं होतं, पण ते कागदावर. जमिनीत ते चिकणमातीला घट्ट धरून बसतं, आणि माती पाण्याबरोबर चालते. वरच्या जंगलातल्या मातीला तर कोणी हातच लावलेला नाही. तिथलं हळूहळू खाली येतं..." हे सांगताना तो घरभर येरझाऱ्या घालायचा. ताट वाढलं तरी टेकायचा नाही.

त्या खोऱ्यात हारुको नावाची एक म्हातारी होती, दादा तिला आजी म्हणायचा. नदीकाठी तिचं भाताचं वावर. अपघातानंतर त्या वावराची वरची चार बोटं माती खरवडून, काळ्या पिशव्यांत भरून नेली होती. दादाने हे फैजपूरला घरी सांगितलं तेव्हा आबा, आमचे वडील, भडकले. "वरची माती नेली? मंग राह्यलं काय तिच्यापाशी? भाकर उचलून नेली अन् ताट ठेवलं!"

"आबा, त्या मातीत विष होतं."

"असंन. पण भूक त तिच्या पोटात हाय ना?"

म्हातारीला एकच गोष्ट हवी होती. मरायच्या आधी आपल्या वावरातला भात निर्धास्त खायचा. दादाने तिला भरपूर पोटॅश टाकायला लावलं. पोटॅश पोटभर मिळालं की भाताचं मूळ सीझियमकडे फारसं वळत नाही, असं तो म्हणायचा. केळीला पोटॅश खत पोत्यांनी लागतं; केळीवाल्याच्या पोराला पोटॅशचं काय सांगायचं! दरवर्षी मातीतला आकडा थोडा थोडा उतरत होता; आणखी उतरला की भात लावायचा होता.

मग दोन वर्षांपूर्वी तिकडे वादळ झालं, नदीला पूर आला. दादा पोचला तेव्हा आजीच्या वावरावर लोण्यासारखा मऊ गाळ पसरला होता. आमच्याकडे वावरात असा गाळ आला तर शेतकरी नारळ फोडेल. नाही आला तर धरणातून ट्रॅक्टरने आणतो. किरणोत्सर्ग मोजायचा मीटर बाहेर काढायच्या आधीच दादा ओरडला, "आजी, नशीब काढलंत! गाळ आला!" दुभाषी बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. म्हातारीने टाळ्या वाजवल्या. मग मीटर लावला... जंगलातून वाहून आलेली बारीक माती ती. अशाच मातीत सीझियम सगळ्यात जास्त असतं, हे तोच वर्गात शिकवायचा. आकडा पुन्हा चढला होता.

घरी हे त्याने हसत सांगितलं. आबा हसले नाहीत. "म्या बी हेच म्हटलं असतं. पण तू त्याच्यासाठीच शिकला ना रे?"

दादा उठून बाहेर ओट्यावर गेला. तिकडे पुन्हा माती खरवडायला म्हातारीने साफ नकार दिला. "मग खाली उरणार काय?" ती अगदी आबांसारखंच म्हणाली. दादाने गाळ खोल नांगरून खाली घालायला लावला, पोटॅश वाढवलं, आणि यंदा भात लावा म्हणून सांगितलं. कापणीला तो स्वतः जाणार होता.

दसऱ्यानंतर दुभाषी बाईंचा मला फोन आला. हिंदी चांगली बोलतात. भात तपासून झाला, खायला हरकत नाही. मी आबांना सांगितलं. दादा गेल्यापासून त्यांनी त्याचा विषयच काढला नव्हता. म्हणाले, "तिनं खाल्ला का पण?"

हे मी विचारलंच नव्हतं. पुन्हा फोन लावला. बाई म्हणाल्या, आजीने तांदूळ अजून शिजवला नाही, सरांची वाट बघतेय. सर गेले हे तिला सांगवत नाही... मला रागच आला. "आजच सांगा," मी म्हटलं. "इतक्या वर्षांनी पिकलेला भात गेलेल्या माणसासाठी अडवून ठेवू नका. रडू द्या तिला, आणि मग जेवायला बसवा."

दोन दिवसांनी फोटो आला. रिकामा वाडगा, शेजारी म्हातारी, डोळे सुजलेले. आबांनी मोबाईल नाकाशी धरून पाहिला. "खाल्ला," ते म्हणाले. आणि लगेच, "अन् पुढच्या पुराले कोन सांगीन तिले?"

तिथे मोजणारी माणसं आहेत, मी म्हटलं. आबांना ते पटलं नाही, मलाही नाही. तिकडे जा म्हणून दादाच्या दोन विद्यार्थ्यांच्या मी मागे लागले आहे. एकजण जाईन म्हणतो, अजून नक्की नाही. तोवर सकाळी ट्रक लागायच्या आधी मी मोबाईलवर त्या खोऱ्यावरच्या डोंगरातलं हवामान बघते. कालपासून तिथे पाऊस लागलाय.