वॉर्डनबाई अंगणात बसल्या तेव्हा

आमच्या वॉर्डनबाई उघड्या डोळ्यांनी झोपायच्या. दुपारी हॉस्टेलच्या ओट्यावर धानाच्या बांध्यांकडे तोंड करून बसलेल्या असत. नजर लांब, पापणी हलत नसे. एखादी नवी मुलगी पाय न वाजवता फाटकाकडे सरकली, की त्याच झोपेतून आवाज येई, "बाजारातून येतानी मले पान आनजो." मुलगी जागीच थिजायची आणि आम्ही जुन्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसायचो.

कॉलेज एका धार्मिक संस्थेचं होतं. नाव लिहीत नाही. पहाटे प्रार्थना, पांढरा पोशाख, मेसमध्ये कांदा-लसूण नाही. मी राजुऱ्याची. अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मुलींचं हॉस्टेल असलेलं आणि आम्हाला झेपणारं तेवढंच कॉलेज होतं, म्हणून त्यांनी मला तिथं घातलं. पहिल्या पहाटे सगळ्या मुली हात जोडून गात होत्या आणि मी घाबरून मनातल्या मनात आमची दुआ म्हणत होते. ओठ हलत असावेत. बाहेर पडताना बाई माझ्या कानाशी वाकल्या, "जे येते ते म्हनत जाय. ऐकनारा काई एकच भाषा शिकून नाई बसला."

असं बोलणाऱ्या बाई स्वतः मात्र संस्थेच्या पक्क्या होत्या. तरुणपणी नवरा गेला, तेव्हा संस्थेनं त्यांना खोली आणि काम दिलं. गळ्यात माळ, अंगावर पांढरं लुगडं. महाराजांचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा. महाराज म्हणजे संस्थेचे प्रमुख, वर्षातून तीन-चारदा यायचे. ते यायचे त्या दिवशी बाई सकाळपासून उपाशी राहत आणि अंगण स्वतः सारवत.

सकाळी चहा वाटताना त्या रात्रीचं सपन सांगत. "नदीवरून चालून राह्यलो होतो, पाय कोरडेच." माझी खोलीतली सोबतीण जुरी त्याचा अर्थ लावी. जुरी भामरागडच्या पलीकडच्या एका माडिया आदिवासी गावातली. फार कमी बोलायची, पण सपनांच्या बाबतीत तिला सगळं ठाऊक. "पाहुणा येते, बाई," ती म्हणायची, आणि बाई खरंच एक कप चहा जास्तीचा ठेवायच्या.

दुसऱ्या वर्षी जुरी नवं धान खायच्या पंडुमसाठी गावी गेली. तो त्यांचा सण. देवाला दाखवल्याशिवाय नवं अन्न तोंडात घालत नाहीत. तिकडे पर्लकोटा नदी चढली, रस्ता बुडाला आणि जुरी आठ दिवस उशिरा परतली. ऑफिसात तिच्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला गेला. 'अंधश्रद्धेच्या पूजेत सामील झाल्याबद्दल क्षमा मागते. पुन्हा जाणार नाही.' खाली सही करायची, नाहीतर हॉस्टेल सोडायचं. परीक्षा महिन्यावर आली होती.

जुरीनं कागद परत सरकवला. "उशीर झाला, त्याची माफी लिहून देतो. देवाची कशी मागू? तो तं आमच्या घरचाच आहे."

तीन दिवसांत सामान हलवायला सांगितलं. त्या संध्याकाळी मुली गच्चीवर जमल्या. ठरलं ते इतकंच: उद्यापासून प्रार्थनेला आत जायचं नाही. प्रार्थनागृहासमोरच्या अंगणात गप्प बसायचं. परवानगीशिवाय तिथं बसायला मनाई असल्याची पाटी होती, तिच्याच खाली.

पहाटे एकोणीस मुली धुक्यात जाऊन बसल्या. मी आत गेले. हे लिहिताना आजही कान तापतात. अख्ख्या हॉस्टेलमध्ये मुसलमान मी एकटी. पहिलं बोट माझ्याकडेच वळणार, अब्बांना बोलावणार, शिक्षण सुटणार, असं सगळं मी रात्रभर डोळ्यांपुढे पाहिलं होतं. जुरीनं मला काही विचारलं नाही.

खिडकीतून मला अंगण दिसत होतं. बाई रजिस्टर घेऊन आल्या. बाहेर बसतील त्यांची नावं लिहून द्या, त्यांचं हॉस्टेल बंद, असा त्यांना हुकूम होता. त्यांनी चष्मा लावला, उभ्याउभ्या एक ओळ लिहिली. मग गुडघ्यावर हात टेकत जुरीशेजारी बसल्या आणि उरलेली नावं मांडीवर रजिस्टर धरून लिहिली. शिपायानं ते ऑफिसात नेलं. पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं.

दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. मी पांघरूण तोंडावर ओढलं.

"जेवली का?"

"बाई, मी भ्याले."

"मी बी भेलो. पाय असे कापत होते का उभंच राहवत नव्हतं, म्हनून तं बसलो." एवढं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तू पण ये, असं त्या म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या पहाटे मी जुरीजवळ जाऊन बसले. तिनं न बघता आपली चादर थोडी माझ्याकडे सरकवली. ते दोन दिवस मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. धुकं, ओली माती, आतून येणारं गाणं. आणि बाहेर आमच्यात बसलेल्या बाई आतल्या मुलींबरोबर तेच गाणं हलक्या आवाजात म्हणताहेत. गावातली काही पोरं आमच्या बाजूनं घोषणा द्यायला फाटकाशी आली. बाईंनी जाऊन त्यांना परतवलं. "ओरडू नका, भाऊ. आतमंधी पूजा सुरू आहे."

तिसऱ्या दिवशी महाराज आले. आम्ही उठलो नाही. बाई उठल्या, नेहमीसारख्या पाया पडल्या आणि पुन्हा आमच्यात येऊन बसल्या.

"बाई, तुम्हीसुद्धा?" महाराजांचा आवाज दुखावलेला होता. "आम्ही तुम्हाला काय कमी केलं?"

"काईच नाई, महाराज. मले कोनी नव्हतं तवा तुम्ही दार उघडलं. काय मानतं, हे नाई विचारलं." त्यांनी जुरीकडे बोट केलं. "ह्या पोरीलेबी तसंच ठेवा. नाई जमत, तं माही खोली तिले द्या, मी जातो."

महाराज वळून ऑफिसात गेले. संध्याकाळी निरोप आला. जुरीनं फक्त उशिराची माफी लिहून द्यावी. तिनं दोन ओळी लिहिल्या आणि राहिली. आम्हा कुणाचंच हॉस्टेल गेलं नाही.

बाईंचं गेलं. महिनाअखेर त्यांना 'विश्रांती' देण्यात आली. ऑफिसचा शब्द तोच होता. एक ट्रंक, एक वळकटी आणि महाराजांची तसबीर एवढं सामान निघालं. भाऊ नागभीडला होता, तिकडे निघाल्या. जुरी एसटी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली आणि मग रस्त्याच्या कडेला बसून मोठ्यानं रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

जुरी आता तिच्याच भागात नर्स आहे. मी राजुऱ्याला शिकवते. गेल्या वर्षी नागभीडला काम निघालं, तेव्हा शोधत बाईंच्या भावाच्या घरी गेले. भावजयीनं दार उघडलं. बाई चार महिन्यांपूर्वी गेल्या होत्या. हॉस्टेलची मुलगी म्हटल्यावर तिनं मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

वाढतावाढता ती सांगत होती. इथं संस्थेची लहानशी शाखा आहे. बाई शेवटपर्यंत रोज पहाटे तिथं प्रार्थनेला जायच्या. पाऊस असो, ताप असो.

मी विचारलं, "काढून टाकलं तरी? त्यांना राग नव्हता?"

"मीबी इचारलं होतं एकदा," भावजय म्हणाली. "तं म्हने, मानूस घरच्याइशीच भांडते. अन् भांडला म्हनून घर सोडते का कोनी?"

तिनं माझ्या ताटात आणखी भात घातला. मी नको म्हणाले नाही.